पाबळचा विषय

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं पाबळ हे दुष्काळाशी झुंजणारं गाव. अन्नतंत्रज्ञानात अमेरिकेतून डॉक्टरेट मिळवलेले डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून १९८३ साली इथं आले. जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून माळावर विज्ञान आश्रम सुरू झाला. शाळा सुटलेली मुलं इथं वेल्डिंग, गवंडीकाम, वायरिंग शिकू लागली, आणि ज्यांना वर्गात विज्ञान समजत नव्हतं त्यांना ते कामातून समजू लागलं.

मग हेच काम नेहमीच्या शाळेत का नको? या प्रश्नातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आकाराला आला. शाळांमध्ये त्याला 'आयबीटी' (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी) म्हणतात. आठवड्यातला एक दिवस कामाचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे त्याचे चार विभाग, आणि चारही सगळ्यांना, मुलींनाही. शिकवायला गावातलाच कारागीर चाले. मुलं माती तपासून देत, फेरोसिमेंटच्या टाक्या बांधत. गावाला उपयोगी पडणारी कामं हाच त्यांचा अभ्यासक्रम होता. राज्य माध्यमिक मंडळानं या विषयाला मान्यता दिली, ही माझ्या मते आश्रमाची सर्वांत मोठी कमाई. २००२मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं इथं फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा आली. पुढच्याच वर्षी कलबाग गेले. काम थांबलं नाही.

गेल्या दशकात चित्र पालटलं. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आल्यावर नववीपासून ऑटोमोबाइल, रिटेल, आरोग्यसेवा, ब्युटी अँड वेलनेस असे विषय शाळांत आले. प्रत्येक विषय एका ठरावीक नोकरीकडे बोट दाखवणारा. पाबळचा चौफेर विचार त्यात 'मल्टी स्किल' या नावानं टिकून आहे. प्रमाणपत्राला मोल आहेच. पण चौदा वर्षांच्या मुलीनं एकच धंदा निवडावा हे मला पटत नाही. आधी चार कामांना हात लागायला हवा.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं सहावीपासून व्यावसायिक शिक्षणाची ओळख करून देण्याचं, आणि २०२५पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांपर्यंत ते पोचवण्याचं उद्दिष्ट ठेवलं. त्याच दस्तऐवजात १९ ते २४ वयोगटातल्या पाच टक्क्यांहून कमी कामकऱ्यांना औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळाल्याचा अंदाज दिला आहे. जर्मनीत हे प्रमाण ७५ टक्के. मुख्याध्यापकांना एवढीच विनंती: हाताच्या कामाचा हा विषय फक्त कमी गुणांच्या मुलांच्या तुकडीला देऊ नका, पहिल्या तुकडीलाही द्या.