जलाशयातील नौकाविहार : हवामान व पाणीपातळी
पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्याजवळच्या पवना व भामा आसखेड जलाशयांना समुद्रासारखी भरती-ओहोटी नाही. म्हणून तेथील नौकाविहार निर्धोक मानला जातो. हा समज घातक आहे. भरतीची वेळ आधी कळते. वळवाचे वादळ मात्र काही मिनिटांत येऊन मोकळ्या पाण्यावर आखूड, खड्या लाटा उठवते. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव-कळाशीदरम्यान वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून ६ जण बुडाले. अशी वादळे क्षणिक असतात, हा आक्षेप खरा. पण बोट उलटायला तेवढा वेळ पुरतो. शिवाय विसर्गाने पातळी उतरली की बुडालेले खडक पृष्ठाजवळ येतात. म्हणूनच ढग दाटताच काठ गाठावा आणि लाइफ जॅकेट निघतानाच अंगावर बांधावे.