एक शहर, दोन गोळ्या

दिवाळीच्या फराळाच्या ताटात बंदुकीच्या गोळीची गोष्ट वाढणे बरे दिसत नाही, हे मला कळते. परंतु ही गोष्ट जितकी मरणाची, तितकीच जगण्याचीही आहे. आणि तिचा शेवट कडू नाही. तेव्हा वाचकांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

२ जुलै १८८१ ची सकाळ. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड गाडी पकडण्यासाठी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात शिरले. अधिकारपदावर येऊन त्यांना अवघे चार महिने होत होते. वय ४९, अंगकाठी धिप्पाड. सरकारी नोकरी मिळाली नाही म्हणून माथे फिरलेल्या चार्ल्स गिटो नावाच्या इसमाने त्यांच्यावर मागून दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठीत शिरली आणि आतच राहिली. तिने मणक्याला इजा केली खरी. पण मज्जारज्जू वाचला, हृदय वाचले, फुप्फुसेही वाचली. म्हणजे नशीब तसे गारफील्ड यांच्या बाजूचे होते. बाजू उलटली ती उपचारांमुळे.

स्टेशनात धावत आलेल्या पहिल्याच डॉक्टराने जखमेत बोट घालून गोळी चाचपली. मागाहून डॉ. ब्लिस आले, त्यांनी सळई घातली, मग स्वतःचे बोट घातले. हात कोणीच धुतले नव्हते. यात कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. आधी गोळी शोधायची, मग बाकीचे, अशी त्यांची समजूत होती. वास्तविक जखमेत जंतू शिरू न देण्याची आपली पद्धत लिस्टर यांनी १८६७ मध्येच प्रसिद्ध केली होती, आणि १८७६ मध्ये खुद्द अमेरिकेत, फिलाडेल्फियाला येऊन ती समजावूनही सांगितली होती. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंच्या धाकाने हात धुवायचे, ही गोष्ट तिथल्या पुष्कळ बड्या शल्यवैद्यांच्या गळी उतरली नव्हती.

राष्ट्राध्यक्षांना इस्पितळात नेले नाही. व्हाइट हाउसमध्ये नेले. आज हे चमत्कारिक वाटते. पण त्या काळी इस्पितळ ही गोरगरिबांनी आणि निराधारांनी जाण्याची जागा. ज्याला घरदार आहे त्याने घरीच औषधपाणी करून घ्यायचे, असा रिवाज होता. राष्ट्रप्रमुखासाठी तर काय करू आणि काय नको असे सर्वांना झाले. उन्हाळ्याचा ताप कमी व्हावा म्हणून नौदलाच्या यंत्रज्ञांनी बर्फावरून हवा खेळवण्याचे यंत्र बसवले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल शरीरातला धातू हुडकणारे उपकरण घेऊन आले. त्यांनी दोनदा तपासणी केली. परंतु गोळी उजवीकडेच आहे असे डॉ. ब्लिस यांचे ठाम मत असल्यामुळे बेल यांना उजवी बाजूच तपासू दिली. त्यातून गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी घोटाळा केला. गोळी सापडली नाही.

सापडणार तरी कशी? ती डावीकडे होती. उजवीकडे मात्र बोटांनी आणि सळयांनी पुवाचा एक लांबच लांब मार्ग तयार केला होता. माणूस झिजत चालला, आणि बाहेर मात्र तब्येत ठीक असल्याची पत्रके निघत होती. सप्टेंबरात त्यांना समुद्राच्या हवेसाठी न्यू जर्सीला हलवले. झोपल्या जागेवरून फार हलवावे लागू नये म्हणून बंगल्याच्या दारापर्यंत रातोरात रूळ टाकले. १९ सप्टेंबरला गारफील्ड वारले. शवविच्छेदनात गोळी दिसली ती त्या पुवाच्या मार्गापासून दूर, शरीराने स्वतःच भोवती विणलेल्या कोषात बंदिस्त, निरुपद्रवी होऊन पडलेली.

खटल्यात गिटो म्हणाला की, मी फक्त गोळी झाडली, मारले ते डॉक्टरांनी. त्याला फाशी झाली, आणि ती टळण्यासारखी नव्हतीच. पण हे त्याचे वाक्य वैद्यकाच्या इतिहासाला आजही टोचत राहते. गोळी अंगात घेऊन माणूस जगू शकतो, याचा दाखला याच देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या यादीत होता. अँड्र्यू जॅक्सन यांच्या छातीत १८०६ मध्ये द्वंद्वयुद्धात गोळी घुसली. हृदयाजवळ म्हणून ती कोणी काढली नाही, आणि ती घेऊनच ते १८४५ पर्यंत जगले.

मला याहून विलक्षण वाटते ती दुसरी एक गोष्ट. गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली त्याच जुलैच्या १३ तारखेला, ॲरिझोनातल्या टूम्बस्टोन नावाच्या आडवळणी खाणगावात जॉर्ज गुडफेलो नावाच्या डॉक्टराने पोटात गोळी लागलेल्या एका खाणकामगाराचे पोट उघडले, आतड्यांची भोके शिवली, आतली घाण धुऊन काढली. आणि तो माणूस वाचला. देशातल्या नामांकित वैद्यांचा घोळका उशाशी असलेला राष्ट्राध्यक्ष गेला, आणि खाणीत राबणारा एक मजूर जगला!

त्यानंतरच्या शंभर वर्षांत बरेच घडले. १८९५ मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि गोळी पाहण्यासाठी बोट घालण्याची गरज उरली नाही. १९०१ मध्ये लँडस्टायनर यांनी रक्तगट जाहीर केले. दोन महायुद्धांनी रक्त साठवण्याची विद्या वाढवली. कोरियाच्या युद्धात जखमींना हेलिकॉप्टरने उचलून शस्त्रक्रियेच्या तंबूपाशी आणू लागले. १९६६ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी या सार्वजनिक इस्पितळात केवळ अपघाताच्या नि माराच्या जखमांसाठी वेगळा विभाग निघाला. तिथे येणारे बहुतेक गरीबच. ही सारी विद्या अनाम शिपायांच्या आणि अनाम गरिबांच्या देहांवर घडली, हे विसरता येत नाही.

आता ३० मार्च १९८१. शहर तेच, वॉशिंग्टन. हॉटेलाबाहेर जॉन हिंक्ली नावाच्या तरुणाने दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या. राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन, वय ७०, यांना त्यांचे अंगरक्षक जेरी पार यांनी मोटारीत ढकलले आणि मोटार व्हाइट हाउसकडे सुटली. इतक्यात रेगन यांच्या ओठांवर लालभडक, फेसाळ रक्त आले. पार यांनी ओळखले की हे फुप्फुसातले आहे, आणि मोटार जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या इस्पितळाकडे वळवली. राजवाडा की इस्पितळ, हा शंभर वर्षांपूर्वीचाच प्रश्न. या खेपेला उत्तर दुसरे मिळाले.

रेगन स्वतःच्या पायांनी आत गेले आणि कोसळले. तेथील मंडळींनी जे कोणत्याही अपघातग्रस्ताचे करतात तेच केले. अंगावरचा सूट कात्रीने उभा कापला. रक्तदाब पाहिला, शिरेत सुया घातल्या, रक्त चढवले. सर्वांग तपासले तेव्हा डाव्या काखेखाली एक बारीक चीर दिसली. मोटारीच्या पत्र्यावर आपटून चपटी झालेली गोळी तिथून शिरली होती. पण गोळीमागे कोणी धावले नाही. छातीत नळी घालून साचलेले रक्त आधी बाहेर काढले. ते थांबेना, तेव्हा डॉ. बेंजामिन आरन यांनी छाती उघडली. हृदयापासून सुमारे इंचावर गोळी मिळाली. शरीरातले जवळजवळ निम्मे रक्त गेले होते. शस्त्रक्रियेच्या टेबलावर रेगन यांनी थट्टेने विचारले, तुम्ही सारे माझ्याच रिपब्लिकन पक्षाचे असाल ना? विरोधी पक्षाच्या विचारांच्या डॉ. जॉर्डानो यांनी हसून उत्तर दिले, आज आम्ही सगळेच रिपब्लिकन! बाराव्या दिवशी रेगन घरी गेले आणि पुढे २००४ पर्यंत जगले.

दोन्ही वेळी डॉक्टरांच्या कळकळीत उणे नव्हते. फरक माझ्या मते असा की, गारफील्ड यांना मिळाली ती राजाची बडदास्त. रेगन यांना मिळाली ती चारचौघांची शिस्त. पहिलीत एकाच्या मतापुढे दुसऱ्याने ब्र काढायचा नव्हता. दुसरीत काय आधी नि काय नंतर हे आधीच ठरलेले होते, रोगी कोण आहे ते पाहून बदलायचे नव्हते.

ही शिस्त आता आपल्याही अंगणात आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळ्या लागलेल्या प्रवाशांना जे. जे. आणि सेंट जॉर्जसारख्या सरकारी इस्पितळांत आणले, तेव्हा त्यांना कोणी नाव-गाव, हुद्दा विचारत बसले नाही. रक्त कुठून जाते आहे तेवढे पाहिले. आज लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण पणत्या लावत असू, तेव्हाही प्रत्येक मोठ्या इस्पितळाच्या अपघात विभागातला दिवा जळत असेल, आणि तिथे कोणीतरी हात धुऊन, हातमोजे चढवून, दाराकडे पाहत उभे असेल. एक पणती त्यांच्या नावाने लावायला हरकत नाही.