पुणे ते म्हैसूर, मे 1791

म्हैसूरच्या मंडकळ्ळी विमानतळापासून पुण्यापर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती साडेसातशे किलोमीटरच्या आसपास भरते. विमानाला दीड तास पुरे. तुम्हाला मात्र घोड्यावरून यायचं आहे, आणि साल आहे 1791.

तुम्ही परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेत शिलेदार आहात. घोडा तुमचा स्वतःचा. तो पडला तर नुकसानही तुमचंच. म्हणून मजल ठरते ती त्याच्या दमावर आणि वैरणीवर. धारवाडच्या वेढ्यातच सहा-सात महिने गेले, किल्ला एप्रिलमध्ये हाती आला. हरिपंत फडके दुसरी मराठी फौज घेऊन जानेवारीत पुण्याहून निघाले होते. आता मे सरत आलाय, दोन्ही फौजा मेलुकोट्याजवळ पोचल्यात आणि पाऊस लवकर लागलाय. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण इथून जवळच आहे. तिथे टिपूविरुद्धचे तुमचे दोस्त इंग्रज वेढा घालून बसले असतील, अशी तुमची समजूत.

26 मे. समोर चिखलातून एक रांग सरकताना दिसते. ती इंग्रजांचीच आहे, पण तोंड बंगळूरकडे! तुम्हाला पाहताच ते लढायला सज्ज होतात. तुम्ही त्यांना टिपूचे स्वार वाटता. तुमच्यातला एकजण पुढे होऊन ओरडतो, ‘आम्ही मराठे!’ तेव्हा कुठे हत्यारं खाली येतात.

मग सगळं कळतं. अरकेरेची लढाई इंग्रजांनी 15 मेला जिंकली, पण पुढे दाणा संपला, बैल मेले, छावणीत देवी पसरल्या. ओढायला जनावरं नाहीत म्हणून इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने तट फोडणाऱ्या जड तोफा कण्णंबाडीला स्वतःच नष्ट केल्या. त्याला आठवडाही झालेला नाही. तुम्ही जवळ आल्याची खबर त्याला मिळालीच नव्हती. भाऊंनी जासूद धाडले होते. टिपूच्या स्वारांनी वाटा इतक्या चोख राखल्या की एकही पोचला नाही. माझ्या मते त्या वर्षीची मोहीम फसली ती इथे. पल्ला फौजेने गाठला होता, अडली ती खबर.

संध्याकाळी तुमच्या बाजारात भुकेले इंग्रज शिपाई दाटी करतात. दाणा आहे, पण महाग. शेजारच्या पालांत काश्मिरी शाली आहेत आणि बर्मिंगहॅमचे चाकूसुद्धा. घरापासून इतक्या दूर आलेल्या फौजेने अख्खी पेठ बरोबर आणली आहे, आणि त्या दिवशी इंग्रजांना तारलं ते तिनेच.

श्रीरंगपट्टणावरचा निर्णायक हल्ला व्हायला फेब्रुवारी 1792 उजाडला. मार्चमध्ये तह झाला आणि टिपूचं अर्धं राज्य गेलं.

जुनं कण्णंबाडी आज कृष्णराजसागर धरणाच्या पाण्याखाली आहे. म्हैसूरला जाल तेव्हा वृंदावन बाग पाहाच, पण एक दिवस मेलुकोट्यासाठी राखून ठेवा. शहरापासून ते जेमतेम पन्नास किलोमीटरवर आहे.