चाळीतले उंदीर आणि मुंबईचा प्लेग

प्लेगविषयी शिकवताना आपण बहुतेकदा पुण्याची सक्तीची घरतपासणी आणि २२ जून १८९७ चा रँडवरील हल्ला येथवर येऊन थांबतो. इतिहासाच्या तासाला ते ठीकच. पण त्याच काळातला एक प्रश्न विज्ञानाच्या तासाला घेण्याजोगा आहे. उंदीर डोळ्यांदेखत मरून पडत असताना मुंबईचे अधिकारी गटारे का धूत बसले?

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचे निदान केले. मांडवी म्हणजे गोदीलगतची, धान्याच्या वखारींनी भरलेली दाट वस्ती. तिथे मेलेले उंदीर लोकांनी पाहिले होते. यर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला, तेव्हा तो मेलेल्या उंदरांतही त्यांना सापडला होता. तरी अधिकाऱ्यांचा सारा रोख राहिला घाणीवर आणि कोंदट हवेवर. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले गेले. ऊन आत यावे म्हणून घरांची कौले उतरवली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांच्या भिंतींवर तशी अक्षरे रंगवली. रोग्यांना घरातून उचलून नेत, त्याची दहशत एवढी की ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. इकडे धुतलेल्या घरातला उंदीर शेजारच्या घरात जाई, आणि रोगही त्याच्यामागोमाग.

गढवाल-कुमाऊँच्या डोंगराळ भागातले गावकरी याहून शहाणे निघाले असे आम्हाला वाटते. घरात उंदीर मरू लागले की ते गाव सोडून रानात राहायला जात. जंतू त्यांना ठाऊक नव्हता, पण आधी काय घडते आणि मग काय, हे त्यांनी नीट पाहिले होते.

उंदरापासून माणसापर्यंत रोग पोचतो कसा? १८९८ च्या जून महिन्यात पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत एक साधा प्रयोग केला. काचेच्या बरणीत पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला. तो मरणाला टेकल्यावर जाळीच्या पिंजऱ्यातला एक निरोगी उंदीर आत सोडला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, तरी काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगने मेला. पिसवा नसतील तर मात्र रोग पसरत नसे. सिमाँचे हे म्हणणे बराच काळ कोणी मानले नाही.

पुढचा पुरावा मुंबईच्या एका चाळीतला आहे. एप्रिल १९०३ मध्ये तिथे उंदीर पटापट मेले, मग मरणे एकदम थांबले. त्यानंतर पिसवांचा इतका उच्छाद झाला की लोक खोल्या सोडून व्हरांड्यात झोपू लागले. मग माणसांत प्लेग दिसला. डॉ. ग्लेन लिस्टन यांनी तिथल्या माणसांवरच्या ३० पिसवा तपासल्या, त्यांतल्या १४ उंदरांच्या होत्या. एरवी माणसांवर पकडलेल्या २४६ पिसवांत उंदरांची पिसू एकच निघाली होती! उंदीर मेला की त्याचे अंग थंड पडते. पिसू उपाशी राहते आणि मिळेल त्या उबदार अंगावर चढते.

१९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत (आजची हाफकिन संस्था) प्लेग आयोगाने याची कसून तपासणी केली. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत गिनिपिगचा पिंजरा जमिनीपासून २ इंचांवर टांगला तर ते प्राणी आजारी पडत. २ फुटांवर टांगला तर पडत नसत. हवा तर दोन्ही पिंजऱ्यांना एकच. मग फरक कशाने पडला? मुलांना हे विचारून पाहावे. पिसूची उडी जेमतेम ५ इंच उंच जाते, हा एकच दुवा त्यांना पुरवायचा.

यातून उंदीर मारण्याची रीतही बदलते. साथ असताना नुसते उंदीर मारले तर त्यांच्या पिसवा आपणच माणसांवर सोडतो. म्हणून आधी बिळांत आणि कोपऱ्यांत कीटकनाशक टाकून पिसवा मारायच्या, उंदरांचा नंबर नंतर. एरवीही नुसते सापळे आणि विष पुरत नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते आणि पिले दोन-तीन महिन्यांत वयात येतात. उघडे धान्य, उष्टेखरकटे आणि लपायला जागा शिल्लक असेल तर रिकामी झालेली बिळे लवकरच भरतात.

बीड जिल्ह्यातील मामला गावी ऑगस्ट १९९४ मध्ये घरांत उंदीर मरून पडू लागले. आदल्या वर्षीच्या भूकंपानंतर सोडलेल्या घरांत धान्य राहिले, त्यावर उंदीर वाढले असावेत, असा अंदाज तेव्हा मांडला गेला. उंदरांमागून पिसवांच्या तक्रारी आल्या आणि त्यानंतर गाठीचे रोगी. क्रम १९०३ च्या चाळीतलाच होता.