कोरोमंडलचे नसलेले कोरोमंडल पडदे

पॅरिसमधील प्रसिद्ध वेशभूषाकार कोको शानेल यांच्या घरात काळेभोर, चकचकीत, चित्रांनी भरलेले घडीचे लाकडी पडदे होते. युरोपात त्यांना 'कोरोमंडल पडदे' म्हणतात. कोरोमंडल म्हणजे आपला चोळमंडल किनारा. पण हे पडदे तेथे तयार झालेले नाहीत, ते चीनचे. सतराव्या शतकात युरोपला जाणारा हा माल चोळमंडलच्या बंदरांतून पुढे जाई. घेणाऱ्यांनी वाटेवरच्या किनाऱ्याचे नाव मालाला चिकटवले.

त्यावरील रोगणाचे नावही असेच फसवे आहे. 'लॅकर' हा शब्द मुळात आपल्या लाक्षा, लाख यांवरून आला. पण या पडद्यांचे रोगण लाखेचे नाही. लाख हा कीटकाचा स्राव. ती उष्णतेने मऊ होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. म्हणून तर सुतार तिचे पॉलिश करतो. चिनी रोगण हा मात्र एका झाडाचा चीक आहे. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातले. बिब्बा अंगावर उततो, तसाच हा कच्चा चीकही उततो, कारण दोहोंत एकाच जातीची फिनॉल संयुगे असतात.

आणखी एक नवल पाहा. ओले कपडे कोरड्या हवेत लवकर वाळतात, हा चीक मात्र दमट हवेत चांगला वाळतो! असे का? येथे वाळणे म्हणजे केवळ पाणी उडून जाणे नव्हे. चिकात लॅकेस नावाचे तांबेयुक्त विकर असते. त्याच्या मदतीने हवेतील ऑक्सिजन उरुशिऑल या संयुगाचे रेणू एकमेकांत गुंफतो, आणि विकराला कामासाठी ओलावा लागतो. जपानी रसायनशास्त्रज्ञ हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ साली या क्रियेमागे विकरासारखा पदार्थ असल्याचे दाखवले. कारागीर मात्र शेकडो वर्षे वस्तू दमट जागी ठेवूनच वाळवत आले होते.

पडदा करताना फळ्यांवर मातीचे अस्तर देत, त्यावर रोगणाचे थर चढवत, मग नक्षी कोरून खाचांत रंग भरत. बारा फळ्या मिळून एकच चित्र होई. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात १६९० सालचा असा एक पडदा आहे. त्यावर गुओ त्झयी या जुन्या सेनापतीच्या वाढदिवसाचा सोहळा आहे. असे पडदे मानाची भेट म्हणून देत, आणि काहींवर कोणाला, कशासाठी दिले तो मजकूरही कोरत.

युरोपात काय झाले? जॉन एव्हलिन या इंग्रज गृहस्थाने १६८२ साली दैनंदिनीत नोंदले, की एका शेजाऱ्याने दिवाणखान्याच्या भिंतींना असे पडदे बसवले आहेत. त्याने त्यांना 'जपानी' म्हटले! काहींनी ते कापून कपाटे मढवली. १६८८ साली स्टॉकर आणि पार्कर यांनी आपल्या रोगणकामाच्या पुस्तकात अशा कामाची थट्टा केली, कारण माणसे आणि झाडे उलटीसुलटी जोडली जात. चित्र फुटले, आणि भेटीचा मजकूर असेल तर तोही.

म्हणून वर्गात एखाद्या वस्तूचे नाव सांगताना आपण दोन प्रश्न जरूर विचारावेत: हे नाव कोणी ठेवले? आणि वस्तू करणारे तिला काय म्हणत?