नकाशापासून भट्टीपर्यंत: भिलाईची ७२ वर्षे

१८८७ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील प्रमथनाथ बोस यांनी दल्ली-राजहरा टेकड्यांतील समृद्ध लोहखनिजाची नोंद केली. १९०३ मध्ये नागपूरच्या संग्रहालयात दोराबजी टाटा यांची नजर मध्य प्रांताच्या भूवैज्ञानिक नकाशावर पडली आणि त्यांचे शोधपथक त्या टेकड्यांवर पोहोचले. खनिज उत्तम होते. परंतु लोखंड गाळण्यास योग्य असा कोक देणारा कोळसा जवळपास नव्हता. बेत सोडावा लागला. पुढच्याच वर्षी, निवृत्तीनंतर मयूरभंज संस्थानासाठी काम करणाऱ्या बोस यांनी पत्राद्वारे तेथील खनिजाकडे टाटांचे लक्ष वेधले. त्यातूनच जमशेदपूर उभे राहिले.

दल्ली-राजहरा मात्र प्रतीक्षेतच राहिले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत-सोव्हिएत करार झाला. ते बोस यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. नंदिनीची चुनखडी जवळच होती. झरियाचा कोळसा रेल्वेने आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले.

ते पाहण्यास बोस हयात नव्हते. १९३४ सालीच त्यांचे निधन झाले होते. संशोधन अचूक असले, तरी ते उपयोगात येण्यासाठी कोळसा, रूळ, भांडवल आणि राष्ट्राचा निर्धार एकत्र यावा लागतो. तोवर नोंद जपून ठेवणे, हेही विज्ञानाचेच कार्य होय.