पाच दिवस, वीस अंश आणि वर्सोव्याची खाडी

८ जून २०१४ ला मेट्रो सुरू झाली आणि वर्सोवा-घाटकोपर हे ११.४ किलोमीटर अचानक प्रसिद्ध झाले. पण मंडळी, या दोन टोकांमध्ये आणखी एक नातं आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. दोन्हीकडे महापालिकेने सांडपाण्याचे तलाव बांधले. यंत्रांनी पाणी ढवळून त्यात हवा घालायची, जंतूंनी घाण खायची, आणि मग ते पाणी खाडीत सोडायचं. घाटकोपरचं ठाण्याच्या खाडीत, वर्सोव्याचं मालाडच्या.

शाश्वत विकासात इंजिनिअरिंगचं पुढे काय, असा विषय निघाला की लोकांना पवनचक्की आठवते. मला हे तलाव आठवतात. (चव तशी वाईटच आहे, पण विकांताला काय वाचायचं ते तुम्हीच ठरवता.)

गोष्ट सुरू होते १८६० पासून. मुंबई बेटावरच्या विहिरी आणि तलाव पुरेनात, म्हणून साष्टीत मिठी नदीवर धरण बांधून विहारचं पाणी नळाने शहरात आणलं. हेन्री कॉनीबेअर हा त्याचा इंजिनिअर. काम उत्तमच झालं. पण नळाने आलेलं पाणी कुठेतरी जाणारच ना? ते न्यायची नीट व्यवस्था मात्र मागाहून, तुकड्यातुकड्याने झाली. वापरलेलं पाणी हा जणू दुसऱ्या कुणाच्या मोड्यूलचा प्रश्न! आमच्या धंद्यात याला 'स्कोपच्या बाहेर' म्हणतात. त्यातही गंमत अशी की ज्या साष्टीतून पाणी गेलं, तिथला वर्सोवा तेव्हा शहरात नव्हताच. अंधेरीचा भाग मुंबईत आला तो १९५० मध्ये.

आता थोडं इंग्लंडला जाऊन येऊ. सांडपाणी किती घाण आहे ते मोजायचं कसं? तिथल्या रॉयल कमिशनने एक पद्धत रूढ केली. नमुना पाच दिवस ठेवायचा आणि जंतूंनी किती ऑक्सिजन खाल्ला ते बघायचं. यालाच बीओडी म्हणतात. १९१२ च्या अहवालात त्यांनी मर्यादा सुचवली, लिटरला २० मिलिग्रॅम. आणि सोबत एक अट, की पाणी नदीत सोडताना निदान आठपट स्वच्छ पाणी मिसळायला हवं. पाचच दिवस का? तर तिथल्या कुठल्याही नदीला समुद्र गाठायला त्याहून जास्त वेळ लागत नाही, असं सांगतात. पुढे तपासणीचं तापमान ठरलं २० अंश.

यातलं गृहीतक बघा. समुद्र आला की प्रश्न संपला.

वर्सोव्यात ते लागू होत नाही. इथे समुद्र आधीच आलेला आहे! खाडीत ओहोटीला गेलेलं पाणी भरतीला बरंचसं परत येतं. पाणी २० अंशांपेक्षा गरम, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. मिसळायला आठपट स्वच्छ पाणी? पावसाळा सोडला तर या खाडीत वरून येतं ते मुख्यतः नाल्यांचं पाणी. वर्सोवा कोळीवाड्याच्या होड्या याच खाडीच्या तोंडातून बाहेर पडतात, आणि गाळ साचून होड्या अडकतात ही तिथली जुनी तक्रार. केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थाही वर्सोव्यातच आहे. म्हणजे माशाचा अभ्यास, माशाचा धंदा आणि माशाचा काळ, तिन्ही एकाच पिनकोडात!

ज्ञान नव्हतं म्हणून असं झालं, असंही नाही. हवा आणि जंतूंचा जिवंत गाळ वापरून पाणी वेगाने शुद्ध करायची पद्धत आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टरला मांडली. त्यांना त्या वाटेवर नेणारे गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आलेसुद्धा. आणि आपण? १९९५ मध्ये जागतिक बँकेने मंजूर केलेल्या कर्जातून जे मोठं काम झालं, त्यात वरळी आणि वांद्र्याचं मैलापाणी तीन किलोमीटरहून लांब बोगद्यांतून समुद्रात नेऊन सोडलं. बांधकाम म्हणून कमाल आहे. पण विचार तोच, १८६० चा.

२०१५ च्या ऑक्टोबरात अफरोज शाह या वकिलांनी वर्सोव्याचा किनारा साफ करायला सुरुवात केली. मार्च २०१८ मध्ये तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं दिसली. मनापासून आनंदाची गोष्ट. फक्त प्लॅस्टिक हाताने उचलता येतं, पाण्यातला हरवलेला ऑक्सिजन नाही. तिथे यंत्रणाच लागते. २०१५ मध्येच संयुक्त राष्ट्रांनी जी उद्दिष्टं ठरवली, त्यात समुद्राचं प्रदूषण २०२५ पर्यंत लक्षणीय कमी करायचं होतं. ते वर्षही गेलं.

१९ जानेवारी २०२३ ला मुंबईच्या सात नव्या केंद्रांची पायाभरणी झाली. एकूण क्षमता रोज २,४६४ दशलक्ष लिटर, त्यात वर्सोव्याची १८०. पण केंद्र शुद्ध करणार ते गटारातून तिथवर पोचलेलं पाणी. ज्या वस्त्यांचं पाणी थेट नाल्यात जातं, ते या हिशेबात येतच नाही. आणि मोजमाप होणार केंद्राच्या पाइपाच्या तोंडाशी.

मला विचाराल तर दुसरा मीटर कोळीवाड्याच्या जेट्टीवर लावावा, भरतीला एकदा, ओहोटीला एकदा. आणि आकडे मासळी बाजारात फळ्यावर, मराठीत.